जसेच्या तसे

नृसिंहवाडीला येणारा माणूस दोन गोष्टींसाठी येतो. एक, दत्तमहाराजांच्या पादुकांचे दर्शन. आणि दुसरी, परतताना घरी न्यायचे पेढे आणि बासुंदी. आमच्या घरी येणारा पाहुणा मात्र तिसऱ्याच कामाने आलेला असतो. तो आधी चहा घेतो. पावसापाण्याच्या, उसाच्या दराच्या गोष्टी करतो. मग हळूच उठून दार लोटतो आणि पिशवीतून जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढून माझ्यापुढे ठेवतो.

"मास्तर, ह्ये ओरिजिनल हाय का, तेवढं बगा."

ही वस्तू म्हणजे पिस्तूल! घाबरण्याचे कारण नाही. माझ्या घरचा पहिला नियम असा की, आधी परवाना दाखवायचा आणि मगच फडके सोडायचे. दुसरा नियम, मालकाने समोरून हलायचे नाही. तिसरा नियम वडिलांनी घालून दिलेला : हातात घेतले की प्रथम मॅगझिन काढायचे, मग स्लाइड मागे ओढून नळी रिकामी आहे की नाही ते डोळ्यांनी पाहायचे, आणि कुणी कितीही शपथेवर सांगितले तरी ते पुन्हा एकदा पाहायचे. एवढे झाले की चष्मा पुसून मी भिंग हातात घेतो.

मी काही शस्त्रांचा व्यापारी नाही, की फौजीही नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत एकतीस वर्षे मुलांना कानस धरायला शिकवली, २०१२ साली निवृत्त झालो. लोखंडाशी बोलायची सवय लागली ती तिथे. गावात मात्र माझी ख्याती 'पिस्तुलं जमवणारा मास्तर' अशी आहे. लोकांना वाटते, माझ्याकडे कपाटभर पिस्तुले असतील. प्रत्यक्षात माझ्याकडे आहे फक्त एक! आणि जमवायची म्हटली तरी आपल्याकडे ते शक्य नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात १९८३ साली दुरुस्ती झाली आणि सर्वसाधारण परवानाधारकाला तीनच बंदुका-पिस्तुले ठेवण्याची मर्यादा आली. डिसेंबर २०१९मध्ये ती दोनवर आली. ज्याच्याकडे तिसरे होते, त्याला ते वर्षाच्या आत जमा करणे भाग पडले. तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या हौशी माणसासारखी भिंतभर पिस्तुले लावण्याचा छंद आपल्याकडे करताच येत नाही. आणि खरे सांगायचे तर ते बरेच आहे.

मी जमवत होतो ते वहीत. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची वही. जे पिस्तूल पाहायला मिळेल त्याचा कारखाना, त्यावरचे छाप, कोणत्या भागावर कोणता क्रमांक, रंग कुठे उडाला, मूठ मूळची की बदललेली, हे सारे एका पानावर लिहायचे. मालकाचे नाव लिहायचे नाही, फक्त गाव. १९९६ ते २०१९ या तेवीस वर्षांत त्या वहीत एकेचाळीस पाने भरली. त्या वहीची आणि त्या एकेचाळीस पिस्तुलांची ही गोष्ट आहे.

रोखपालाचे पिस्तूल

सुरुवात अर्थातच वडिलांच्या पिस्तुलापासून झाली. वडील एका सहकारी संस्थेत रोखपाल होते. पगाराच्या दिवशी सांगलीच्या बँकेतून रोकड आणायची, तीही एसटीने! मांडीवर कातडी बॅग, बॅगेवर दोन्ही हात, आणि कोटाच्या आत हे पिस्तूल. १९७४ साली त्यांनी ते मुंबईच्या एका परवानाधारक दुकानातून घेतले. परदेशातून परतलेल्या कुणा गृहस्थाने ते तिथे विकायला ठेवले होते. जर्मन वॉल्थर, मॉडेल 'पीपी', ७.६५ मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'बत्तीस बोअर' म्हणतात ते. सोबत पुठ्ठ्याची मूळ पेटी, माहितीपुस्तिका, जादा मॅगझिन, नळी साफ करायची काडी. आणि कारखान्यात हे पिस्तूल पारखले तेव्हा झाडलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचा कागद.

तो कागद मला लहानपणापासून फार आवडे. दूर जर्मनीतल्या कुणा अनोळखी कारागिराने आमचे पिस्तूल हातात धरून काही गोळ्या झाडल्या, कागदावर सही केली आणि तो कागद पेटीत घातला. पुढे आमच्या घरात त्या पिस्तुलातून वडिलांनी रागाने वा भीतीने एकही गोळी कधी झाडली नाही. कुणी थट्टा केली, तर ते म्हणत, "चालवावं लागलं नाही, यातच त्याचं काम झालं."

१९९६ साली वडील गेले. परवानाधारक गेला की शस्त्र लगेच जमा करावे लागते, मग वारसाने अर्ज करायचा. पोलीस चौकशी, दाखले, इतर वारसांची संमती असे सोपस्कार होऊन ते माझ्या नावावर यायला दीड वर्ष लागले. त्या काळात मी एकदा ठाण्यात ते पाहायला गेलो असताना तिथे जमा असलेली आणखी चार जुनी पिस्तुले पाहिली. एकावर चेकोस्लोव्हाकियाचा छाप, एकावर स्पेनचा. हे सगळे आपल्या शिरोळ तालुक्यात, या उसाच्या फडांत कुठून आले असेल? या एका प्रश्नाने माझी वही सुरू झाली.

युद्ध संपल्यावर

उत्तर शोधता शोधता लक्षात आले की, आपल्या भागात जी विलायती पिस्तुले आहेत, त्यांतली बरीचशी दुसऱ्या महायुद्धानंतरची, साधारण १९५० ते १९८० या काळातली आहेत. स्वातंत्र्यानंतर कुणी सैन्यातून निवृत्त होऊन आले, कुणी परदेशी नोकरी करून आले, कुणी ऊस-गुळाच्या पैशातून मुंबई-पुण्याच्या दुकानातून घेतले. १९८०च्या दशकाच्या मध्यावर खासगी माणसांसाठी शस्त्रांची आयात बंद झाली आणि दार मिटले. आत आली तेवढीच आली. आता त्यात भर नाही, फक्त घट. म्हणूनच जुन्या विलायती पिस्तुलाला आज लाखांत किंमत सांगतात आणि म्हणूनच तो 'ओरिजिनल हाय का' हा प्रश्न माझ्या ओसरीवर येतो.

आणि ही पिस्तुले नुसत्या लोखंडाची नसतात. त्यांत त्या त्या देशाचा इतिहास भरलेला असतो. आमच्या वॉल्थरचेच पाहा. 'पीपी' हे मॉडेल निघाले १९२९ साली, थुरिंजिया प्रांतातल्या झेला-मेहलिस या गावी. मूळचे ते पोलिसांसाठी. १९४५ साली जर्मनी हरला. ते गाव आधी अमेरिकनांच्या आणि मग रशियनांच्या ताब्यात गेले, आणि पिढीजात कारखाना संपला. संस्थापकाचा मुलगा फ्रिट्झ वॉल्थर पश्चिमेकडे निघून आला. त्याच्याकडे उरले होते ते नकाशे आणि पेटंटचे हक्क. जर्मनांनी शस्त्रे बनवायची नाहीत, असा जेत्यांचा हुकूम होता. शस्त्रांचा नामांकित कारखानदार आकडेमोडीची यंत्रे बनवून पोट भरू लागला! पुढे १९५२ साली त्याने फ्रान्समधल्या म्युलूझच्या 'मान्युरॅन' कंपनीला आपली पिस्तुले बनवण्याचा परवाना दिला. कालपर्यंत ज्यांच्याशी युद्ध चालू होते, त्यांनाच! त्यानंतर वॉल्थरने उल्म या शहरात पुन्हा पाय रोवले. मग बरीच वर्षे भाग बनत फ्रान्समध्ये, आणि शेवटची जुळवणी, चाचणी आणि नाव मात्र उल्मचे.

आमच्या पिस्तुलावर उल्मच्या सरकारी चाचणीगृहाचा, हरणाच्या शिंगाचा छाप आहे. शेजारी बारीक अक्षरात '६८', म्हणजे १९६८ साल. आता सांगा, हे पिस्तूल ओरिजिनल जर्मन की ओरिजिनल फ्रेंच? मुलूख तुटला, कारखाना गेला, हात बदलले, तरी आराखडा तोच. 'मूळचे' या शब्दावर विचार करायला मला या एका छापाने शिकवले.

वहीत असे बरेच काही होते. चेकोस्लोव्हाकियाचे 'सीझेड ५०', दिसायला वॉल्थरचा धाकटा भाऊ. स्पेनच्या बास्क भागातली 'लामा', 'स्टार', 'अ‍ॅस्ट्रा'. इटलीचे 'बेरेटा'. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटची बत्तीस बोअरची रिव्हॉल्व्हरे. काटेकोरपणे ती पिस्तुले नव्हेत, पण गावाच्या भाषेत सगळेच पिस्तूल. कानपूरच्या सरकारी कारखान्यात पुढे जे बत्तीस बोअरचे देशी रिव्हॉल्व्हर निघाले, ते याच वेब्लीच्या वळणाचे. त्यामुळे नवखा माणूस दोहोंत फसतो. आणि काडतुसे? ती बहुधा आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. बुडाशी 'केएफ' ही अक्षरे दिसली की जर्मन पिस्तुलाच्या पोटात मराठी मुलखाचा दाणागोटा गेलेला आहे, हे समजावे.

केसाहून पातळ

आता 'ओरिजिनल' म्हणजे काय, ते सांगतो. नवे आणि ओरिजिनल या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

पिस्तुलाचा जो काळा-निळा रंग आपल्याला दिसतो, तो खरे म्हणजे रंग नव्हेच. तो गंजच आहे! पोलाद घासूनपुसून, ठरावीक रसायनांत ठरावीक उष्णतेला ठेवून त्यावर मुद्दाम काळा गंज चढवतात. तांबडा गंज लोखंडाला खात जातो. हा काळा गंज त्याला चिकटून बसतो आणि तेल धरून ठेवतो. याला म्हणतात 'ब्लूइंग'. तो थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा, माणसाच्या केसाहून कितीतरी पातळ. आपला हात फिरून, म्यान घासून तो वर्षानुवर्षांत झिजतो. नळीच्या टोकाशी, मुठीच्या कडेला पांढरे पोलाद डोकावू लागते. जाणकार ते पाहून नाराज होत नाही, उलट खूश होतो. झीज जिथे असायला हवी तिथेच असेल, तर पिस्तूल खरे बोलते आहे.

कुणाला मात्र ती झीज बघवत नाही. मग ते पिस्तूल जाते 'नवे करायला'. बफिंगच्या चाकावर धरले की पन्नास वर्षांचे डाग पाच मिनिटांत जातात. पण त्याबरोबर धारदार कडा गोल होतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात, आणि कारखान्याचे नाव, क्रमांक, चाचणीचे छाप उथळ होतात. मग वर नवा चकचकीत काळा थर येतो. लग्नात नवरदेवाला पावडर लावावी तसे ते दिसते. बाजारातला अनोळखी माणूस भुलतो. भिंग हातात असलेला माणूस पिस्तूल परत फडक्यात गुंडाळतो.

माझ्या वहीत प्रत्येक पानाच्या शेवटी एकच ओळ असे : 'हात लागलेला नाही' किंवा 'हात लागला आहे.' बस्स. एकेचाळीसपैकी चौतीस पानांवर 'हात लागलेला नाही' असे होते. एका तालुक्यात आणि आजूबाजूला मिळून चौतीस! मला त्याचा अभिमान वाटे. जणू ती सारी माझीच होती.

पाणी आले

वाडी कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर वसलेली. पूर आम्हाला नवा नाही. दर पावसाळ्यात पाणी घाट चढते, मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते. तो 'दक्षिणद्वार' सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला लांबून माणसे येतात. जगात इतरत्र पुराचे पाणी देवळात शिरले की माणसे रडतात. आम्ही हात जोडतो. २००५च्या पुराने या श्रद्धेला पहिला धक्का दिला. २०१९च्या पुराने तर घरेच घेतली.

ऑगस्टचा पहिला आठवडा. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. तिथे पंचगंगा ५५ फुटांच्याही वर गेली. इकडे कृष्णा फुगलेली, पाण्याला पुढे सरकायला वाव नाही. रात्री पायरीला लागलेले पाणी पहाटे उंबऱ्यात होते. सामान माळ्यावर टाकायला सुरुवात केली. वही, पिस्तुलाची पेटी, वडिलांचे कागद हे सगळे एका पत्र्याच्या ट्रंकेत घालून माळ्यावर चढवले. इतक्या वर पाणी कशाला येते!

दुपारी नाव आली. "माणशी एकच पिशवी," जवान ओरडला. बायको म्हणाली, "अहो, ते घ्या आधी. मागं टाकून जायची वस्तू आहे का ती?" खरे होते. परवान्याचे शस्त्र सोडून जाणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीनेही निष्काळजीपणा. मी शिडीवर चढलो, ट्रंक उघडली. पेटी मोठी, पिशवीत मावेना. वहीही जाड. बायकोची औषधे, परवाना आणि पेटीतून काढलेले पिस्तूल एवढेच घेतले. ओल्या हातानेच ते कोरड्या फडक्यात गुंडाळले, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली. ट्रंक बंद केली. चार दिवसांनी परत येऊच, ही खात्री!

जयसिंगपूरला एका शाळेच्या वर्गात आमची सोय झाली. तिथे शंभर माणसांत पिस्तूल उशाशी घेऊन झोपणे शक्य नव्हते. दुसऱ्या दिवशी रीतसर पावती घेऊन ते पाण्याबाहेरच्या एका ठाण्यात जमा केले. हवालदाराने बिचाऱ्याने पिशवी तशीच बांधलेली ठेवली. "मास्तर, तुमची गाठ आम्ही सोडत नाय," म्हणाला. त्याला वाटले, आपण काळजी घेतोय.

बारा दिवसांनी घरात पाऊल टाकले. पाणी माळ्यावरही जाऊन आले होते. ट्रंक उघडली तर आत चिखलाची भाकरी. वहीची पाने एकमेकांना अशी चिकटलेली, की ओढली की लगदा हातात यायचा. मी शाईच्या पेनाने लिहीत असे, त्याचा तोरा मिरवत असे. एक अक्षर उरले नव्हते. पुठ्ठ्याची पेटी विरघळली होती. आणि तो कागद, उल्मच्या त्या कारागिराची सही आणि छिद्रे असलेला, सापडलाच नाही. निदान छिद्रे तरी उरायला हवी होती, असा वेडा विचार मनात आला.

महिन्याभराने ठाण्यातून पिस्तूल आणले. फडके सोडले. पिस्तूल कोरडे होते, शाबूत होते. फक्त स्लाइडच्या डाव्या बाजूला, वॉल्थरच्या नावाच्या जरा मागे, तांबडा गंज धरला होता. भिंगातून पाहिले. वळणे, रेषा, मधला भोवरा. अंगठ्याचा ठसा! माझ्याच अंगठ्याचा. शिडीवर उभे राहून घाईत, पुराच्या पाण्याने आणि घामाने ओल्या हाताने मी ते धरले होते, आणि प्लॅस्टिकमध्ये कोंडलेल्या त्या ओलाव्याने महिनाभर आपले काम केले होते. एकतीस वर्षे मुलांना 'तयार कामाला उघडा हात लावू नका' म्हणून ओरडणारा मास्तर तो मीच!

कुणी बिघडवले?

वही गेली त्याचे दुःख मी काही महिने काढले. मग ठरवले, पुन्हा हिंडायचे. मध्ये करोना आला, २०२१ साली पुन्हा पूर आला. तरी २०२२ संपेपर्यंत आठवेल तेवढी सगळी घरे पुन्हा धुंडाळली. हिशोब असा लागला. एकेचाळीसपैकी अकरा पिस्तुले घराबाहेर गेली होती. कुणी विकले, कुणाचा परवानाधारक वारला आणि वारसांनी जमा केले ते सोडवलेच नाही. अठरा घरांत पाणी पोचलेच नव्हते. उरली बारा, जी पुरात प्रत्यक्ष पाण्याखाली गेली होती.

आता मजा पाहा. या बारांपैकी एकही पिस्तूल पाण्याने संपवले नव्हते. पाणी ओसरल्यावर ज्यांनी लगेच सुटे करून गोड्या पाण्याने गाळ धुतला, कोरडे केले, रॉकेलने पुसून तेल लावले, अशी पाच जवळजवळ होती तशी होती; कुठे फुटकुळ्या, कुठे डाग, एवढेच. उरलेल्या सातांना मालकांनी 'नवे' करून आणले होते!

त्यातले एक बेरेटा मला पाठ होते. १९६०च्या सुमाराचे, कडा अशा की बोट फिरवले तर कापेल. मालक वयाने माझ्याएवढे, दूधवाले. पुरात चार म्हशी गेल्या होत्या त्यांच्या. त्यांनी मोठ्या हौसेने लाल मखमली पेटी उघडली. "बगा मास्तर, शोरूममधनं आणल्यागत झालंय का न्हाई?" आरशासारखे चमकत होते. नाव पुसट झालेले, कडा साबणाच्या वडीसारख्या गोल. मी भिंग खिशातच ठेवले आणि म्हणालो, "छान झालंय."

खोटे बोललो. पण दुसरे काय बोलणार? ज्याच्या गोठ्यातून चार म्हशी वाहून गेल्या, त्याला पुराची एक तरी खूण घरातून पुसून टाकाविशी वाटली, तर त्यात त्याचे काय चुकले? घराला रंग दिला, भिंतीवरची पाण्याची रेघ मिटवली, तसेच हे. त्या दिवशी वहीच्या नव्या पानावर मी 'हात लागला आहे' असे लिहिले आणि पहिल्यांदाच त्या शब्दांची मला लाज वाटली.

म्हातारीचे उत्तर

याचे उत्तर मला मिळाले ते सैनिक टाकळीत. आमच्या तालुक्यातलेच हे गाव. घराघरातून सैन्यात माणूस गेलेला, म्हणून नावातच सैनिक. तिथल्या एका आजींकडे वेब्लीचे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर आहे. त्यांचे मालक सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. ते गेल्यावर आजींनी परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला. वय ऐंशीच्या पुढे, पण नूतनीकरणाची तारीख चुकली नाही कधी.

त्यांच्या घरातही पाणी होते. रिव्हॉल्व्हर लोखंडी पेटीत, शिलाई मशीनच्या तेलात भिजवलेल्या फडक्यात, वर साखरेच्या पोत्यातली प्लॅस्टिकची आतली पिशवी. पाणी ओसरल्यावर आजींनी नातवाकडून ते धुऊन, पुसून घेतले आणि पुन्हा तेलात ठेवले. मुठीच्या वरच्या कडेला रंग पार उडालेला, पांढरे पोलाद उघडे पडलेले. ते पुरामुळे नव्हे. वहीतही ते लिहिल्याचे मला आठवत होते.

"आजी, हे नवं करून घ्यावं असं नाही वाटलं?" मी विचारले.

आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. "मालक रोज सांजच्याला पुसायचं त्ये. अंगठा हितं असायचा." त्यांनी त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवले. "रंग लावून ह्ये बुजवलं, तर मग माझ्यापाशी ऱ्हायलं काय? लोखंडच की!"

तेवीस वर्षांत मी जे एकेचाळीस पानांवर लिहू शकलो नव्हतो, ते आजींनी दोन वाक्यांत सांगितले. ओरिजिनल म्हणजे कारखान्यातून निघाले तसे, असे मी समजत होतो. पण कारखान्यातून निघाले तसे काहीच राहत नाही. माणूस नाही, गाव नाही, नदीकाठ तर नाहीच. त्याच्यावर जे जे खरोखर घडले, ते ते त्याच्यावर वाचता येते आहे, मध्ये कुणी खोडून पुन्हा लिहिलेले नाही, एवढाच ओरिजिनलचा अर्थ. आणि दूधवाल्यांनी खोडले, तर तेही त्यांच्या घरावर घडलेलेच होते. घरी येऊन त्या पानावर मी आणखी एक ओळ लिहिली : '२०१९च्या पुरानंतर, मालकाच्या इच्छेने.'

आता पुढे

२०२४ साली मी सत्तर पूर्ण केली. २०१६च्या शस्त्र नियमांत एक चांगली सोय आहे. परवानाधारकाचे वय सत्तर झाले, किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे असले, तर तो हयात असतानाच ते वारसाकडे देण्यासाठी अर्ज करता येतो. मुलांनी माझ्यासारखी मरणानंतरची धावपळ करू नये, म्हणून मी दोघांना बसवून विचारले.

मुलगा पुण्यात असतो. व्यवहारी आहे, चुकीचे बोलत नाही. म्हणाला, "बाबा, घरात लहान मुलं. मला ती जबाबदारी नको. विकून टाका, चांगले पैसे येतील. फक्त विकण्याआधी तो डाग काढून घ्या."

मुलगी कोल्हापुरात शिक्षिका. कोल्हापूरच्या मुलींना बंदूक-पिस्तुलाचे अप्रूप राहिलेले नाही. २०१० साली म्युनिकला तेजस्विनी सावंत जागतिक विजेती झाली, २०१८च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतने पिस्तुलात सुवर्णपदक आणले; त्यांच्या मिरवणुका या मुलींनी पाहिल्या आहेत. २०२४ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ऑलिंपिकचे कांस्य घेतले, तेव्हा हिच्या शाळेत पेढे वाटले होते. ती म्हणाली, "बाबा, मी घेईन. कुलूपबंद कपाट मी करून घेते. पण मला नुसतं पिस्तूल नको. वहीसकट द्या."

"वही कुठली? ती तर गेली."

"मग पुन्हा लिहा. तुम्ही सांगा, मी लिहिते."

तेव्हापासून दर रविवारी ती येते. बायको वाडीची वांगी भरून करते. जेवणे झाली की आम्ही बसतो. मी आठवून सांगतो, ती लिहिते. या वेळी बॉलपेनने, आणि मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटोही काढते. आतापर्यंत सव्वीस पाने झाली आहेत. काही पिस्तुलांचे छाप मला आठवतात, गाव आठवत नाही. काहींचे गाव, घर, चहाची कपबशीसुद्धा आठवते, आणि पिस्तूल आठवत नाही!

सत्ताविसावे पान आमचे. तिने लिहिले : वॉल्थर पीपी, उल्म, १९६८. स्लाइड आणि फ्रेमचा क्रमांक एकच. मूठ मूळची. पेटी, पुस्तिका, चाचणीचा कागद पुरात गेले. स्लाइडच्या डाव्या बाजूस गंजाचा ठसा. मग पेन थांबवून तिने विचारले, "शेवटची ओळ काय लिहू? हात लागलेला नाही की हात लागला आहे?"

मी म्हणालो, "हात लागला आहे. कुणाचा, तेही लिही."

अर्ज दाखल केला आहे, चौकशी चालू आहे. तोवर ते माझ्याकडे आहे. पंधरवड्यातून एकदा फडके सोडतो, मॅगझिन काढतो, नळी दोनदा पाहतो. सुती हातमोजे घालून सगळीकडे तेलाचा पातळ हात फिरवतो. ठशावर जरा जास्त, म्हणजे तो पुढे पसरणार नाही. तेल लावतो. घासत नाही.